भावजींचं इथेनॉल आणि मुलीची ठेव

पत्राचा सारांश: निपाणी तालुक्यातल्या वेदगंगेकाठच्या एका गावातून ४३ वर्षांच्या ताईंचं पत्र आलं आहे. घरची तीन एकर जमीन, त्यातली दोन एकर ओलिताखाली आणि उसात. यंदा तिसरा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक) तुटेल. लागणीला, म्हणजे पहिल्या लावणीला, एकरी ३८ टन पडला होता, यंदा २४ टनावर आला. दोन म्हशी आणि एका गाईचं दूध डेअरीला घालून त्यांनी पतसंस्थेत ४ लाख ६० हजारांची ठेव केली आहे. मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला) आहे, पुढे बेळगावात नर्सिंग करायचं म्हणते. ठेव तिच्यासाठीच आहे.

त्यांचे दीर आणि काही मंडळी मिळून मक्यापासून इथेनॉल (पेट्रोलात मिसळायचा मद्यार्क) करण्याचा प्रकल्प काढत आहेत. एक शेअर एक लाखाचा. वहिनींनी चार घ्यावेत, ऊस मोडून दोन्ही एकरांत मका घालावा, शेअरवाल्यांचा मका आधी उचलला जाईल आणि पैसे पाच वर्षांत दुप्पट होतील, असं दिरांचं म्हणणं. नवरा 'तूच बघ' म्हणून गप्प. 'नाही' म्हटलं तर घर फुटेल अशी धास्ती. कागद कन्नड आणि इंग्रजीत आहेत, ताई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ आहे: 'माझी २०१७ ची स्कूटर लिटरला ४८ जायची, आता ४१ जाते. मेकॅनिक म्हणतो इथेनॉलमुळे. मग जे पेट्रोलमध्ये वाईट ते शेअरमध्ये चांगलं कसं?'

उत्तर:

ताई, तुमची शेवटची ओळ मी दोनदा वाचली. तुमच्या भावजींच्या माहितीपत्रकात विमानाचं इंधन, स्वयंपाकाची शेगडी, डिझेल असं सगळं छापलंय म्हणता. पण हा प्रश्न त्यात कुणी विचारला नसेल. पुढचं सगळं उत्तर त्या एका ओळीभोवतीच फिरणार आहे.

आधी एक गोष्ट सोडवून घेऊ. तुम्ही हा एकच प्रश्न समजून लिहिलाय: 'इथेनॉलवर भरवसा ठेवावा का?' मला त्यात तीन वेगळे निर्णय दिसतात. दोन एकरांत काय घालायचं, ठेव मोडायची का आणि भावजींना काय सांगायचं. भावजींनी तिन्हींची मोळी बांधून तुमच्या दारात टाकली आहे. मोळी सोडा, म्हणजे प्रत्येक काठी वेगळी उचलून बघता येईल. उचलताना एकच विचारा: यातून मला मोकळं होता येतं का आणि किती दिवसांत? मका चार महिन्यांत मोकळा करतो. ऊस लागणीपासून खोडव्यांपर्यंत तीन-चार वर्षं धरून ठेवतो. शेअर किती वर्षं धरेल, हे शेअर विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

आता इथेनॉल. ते खोटं आहे, फसवं आहे असं मी म्हणणार नाही. २०१३-१४ मध्ये आपल्या पेट्रोलात इथेनॉल दीड टक्का होतं. २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्के झालं. वीस टक्क्यांचं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते २०२५-२६ वर ओढलं आणि देश जवळपास तिथं पोचलासुद्धा. उसाच्या पट्ट्याला याचा फायदा झालाच. साखर गोदामात महिनोन् महिने पडून राहते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात, त्यामुळे कारखान्यांच्या हातात रोकड खेळू लागली आणि थकलेली बिलं कमी झाली. कायद्यानं उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचं आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज लावायचं, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. ते व्याज आपल्याकडे किती जणांनी बघितलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी निदान बिलं थोडी वेळेवर येऊ लागली, एवढं श्रेय मी इथेनॉलला देतो.

पण 'इथेनॉलला भाव म्हणजे शेतकऱ्याला भाव' हे जे भावजींनी गृहीत धरलंय, तिथं थांबायला हवं. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, ठरते ती साखरेच्या उताऱ्यावर (शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते त्यावर). २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. कारखान्यानं टनामागं किती लिटर इथेनॉल काढलं, याचा त्या आकड्याशी थेट संबंध नाही. उपपदार्थांतला वाटा ७०:३० च्या सूत्रानं शेतकऱ्याला मिळायला हवा असं साखर धंद्यावरच्या रंगराजन समितीपासून बोललं जातं. प्रत्यक्षात तो वाटा मिळवायला रस्त्यावर उतरावं लागतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसला शेतकरी टनाला ३५०० मागत बसले होते, तेव्हा कुठं ३३०० वर तडजोड झाली. त्या दिवसांत चिकोडी-मुडलगी भागात एसटी अडल्या होत्या, ते तुम्ही अनुभवलं असेल.

आणि हा इथेनॉलचा भाव ठरवतं कोण? बाजार नव्हे. केंद्र सरकार आणि सरकारी तेल कंपन्या दर ठरवतात, त्याच कंपन्या निविदा काढतात, कोटा वाटतात. म्हणजे गिऱ्हाईक जवळपास एकच. गावात एकच दूध डेअरी असली की फॅटचा दर कसा ठरतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

हे गिऱ्हाईक एका रात्रीत कसं फिरतं त्याचं उदाहरण ताजं आहे. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपाच्या हंगामात, केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. पाऊस कमी झाला होता, साखर महागेल अशी भीती होती. काही दिवसांनी बंदी थोडी सैल करून मर्यादा घातली आणि पुढच्या वर्षासाठी ती उठवली. सरकारच्या जागी बसून बघितलं तर कारण समजतं, खाणाऱ्याच्या साखरेची काळजी करायलाच हवी. पण ज्यांनी कर्ज काढून रसावर चालणारी डिस्टिलरी (इथेनॉल काढायचा कारखाना) उभी केली होती, त्यांचे हप्ते काही त्या वर्षी थांबले नाहीत. मोठ्या कारखान्याला साखर, वीज, मळी असे चार आधार असतात, तो तरून जातो. तुमच्या भावजींच्या प्रकल्पाला आधार एकच, मका.

म्हणून आता मक्याचा हिशेब. तुम्ही दुधाचा हिशेब वहीत ठेवता असं लिहिलंय, तसाच हाही वहीत मांडा.

एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं. मक्याच्या इथेनॉलला सरकारी तेल कंपन्यांनी २०२३-२४ मध्ये ७१ रुपये ८६ पैसे लिटर दर दिला, २०२४-२५ लाही तोच राहिला. गुणाकार केला की टनामागं २७ हजार ३०० रुपये. आता मका. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २४००, म्हणजे टनाला २४ हजार. उरले ३३०० रुपये आणि गाळून राहिलेल्या चोथ्याचं पशुखाद्य. एवढ्यातून बॉयलरचं जळण, एन्झाइम, वीज, पगार, दुरुस्ती, वाहतूक आणि बँकेचं व्याज भागवायचं. मगच लाभांश.

या आकड्यांकडे जरा वेळ बघत राहा. मक्याला हमीभाव दिला तर प्लांटची ओढाताण होते. मका १८०० नं मिळाला तर प्लांटला टनामागं आणखी सहा हजार सुटतात. म्हणजे प्लांट नफ्यात यायचा तर तुमचा मका स्वस्त पडायला हवा. भावजी तुम्हाला एका हातानं मका विकायला आणि दुसऱ्या हातानं शेअर घ्यायला सांगताहेत. शेतकरी ताईचं नुकसान ते शेअरवाल्या ताईचा नफा, असा हा संसार आहे. माहितीपत्रकात दोन्हीकडे फायदा दाखवला असेल, तर मक्याचा कुठला भाव धरून तो काढला ते विचारा. मला खात्री आहे, शेतकऱ्याच्या पानावर एक भाव असेल आणि प्लांटच्या पानावर दुसरा.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही. २०२५ च्या खरिपात हमीभाव २४०० असताना कर्नाटकात व्यापारी त्याच्या बऱ्याच खाली मका मागत होते, त्यासाठी शेतकऱ्यांना आंदोलन करावं लागलं. इथेनॉलला मका कमी पडतोय असं वर्षभर ऐकल्यावर हे झालं. मक्याचा पेरा वाढला हे एक कारण. दुसरं असं, की डिस्टिलरीला मका हाच एक पर्याय नसतो. सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी क्विंटलला २८०० वरून २२५० ला आणला. तांदळातून टनामागं लिटर जास्त निघतात. धान्यावर चालणारा प्लांट जे परवडेल ते भरडतो, त्याला मक्याचं प्रेम नसतं.

आणखी एक आकडा, हा मात्र भावजींपुढे ठेवाच. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी साधारण १०५० कोटी लिटर मागितलं. देशभरातल्या डिस्टिलऱ्यांनी १७७६ कोटी लिटर द्यायची तयारी दाखवली. वाटप झालं १०४८ कोटींचं. म्हणजे जे प्लांट आज उभे आहेत, ज्यांची कर्जं बरीच फिटली आहेत, त्यांनाच पोटभर काम नाही. वीस टक्क्यांपर्यंतची मोठी चढण चढून झाली आहे. पुढं किती चढायचं, कधी चढायचं, हे दिल्लीत ठरेल. या पंगतीत आपला प्लांट शेवटी बसणार. भावजींना हे विचारताना टोमणा वाटू देऊ नका. 'आपल्याला कोटा कुणी कबूल केलाय का, लेखी आहे का?' एवढंच.

ते विमान आणि शेगडीचं काय, असं तुम्ही विचाराल. इथेनॉलचे उपयोग खरंच खूप आहेत. कोविडच्या दिवसांत डिस्टिलऱ्यांनी रातोरात सॅनिटायझर केलं, औषधं-रसायनांत ते लागतंच. मार्च २०२४ मध्ये काही पंपांवर फ्लेक्स इंजिनाच्या (पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणाऱ्या) गाड्यांसाठी जवळजवळ शुद्ध इथेनॉलसुद्धा ठेवलं, त्यात कर्नाटकातले पंपही होते. पण तशा गाड्या तुमच्या गावात किती दिसल्या? डिझेलमध्ये ते नीट मिसळतच नाही, वेगळं होतं. ब्राझीलचं नाव माहितीपत्रकात असणारच, कुठल्या पत्रकात नसतं! तिथं १९७५ पासून हा कार्यक्रम चालू आहे, २००३ पासून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या आहेत आणि पंपावर माणूस भाव बघून ठरवतो, इथेनॉल पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तरच भरतो. आपल्याकडे गिऱ्हाइकाला अशी निवड नाही. ती आली तर गोष्ट वेगळी होईल, पण आजची ठेव उद्याच्या गाडीवर लावायची नसते.

एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या वडिलांनी आमच्या भागात निघणार असलेल्या एका शेंगतेल गिरणीचा शेअर घेतला होता. म्हैस विकून. गिरणी कुणी बुडवली असं नाही, ती उभीच राहिली नाही. परवाना, मशिनरी, मग आणखी काही. वडील गेल्यावर ट्रंकेत ते हिरव्या किनारीचं सर्टिफिकेट सापडलं, नीट घडी घालून ठेवलेलं, सोबत पावती. ते कुणाला दाखवायचं हेसुद्धा आम्हाला कळलं नाही. पुढे मी पतसंस्थेत हिशेब तपासायला लागलो तेव्हा अशी सर्टिफिकेटं तारण म्हणून घेऊन लोक येत. एकालाही मला हो म्हणता आलं नाही. शेअर घेणं सोपं, पण ज्याचा बाजार नाही त्या शेअरला गिऱ्हाईक फक्त दुसरा शेअरवाला, आणि त्यालाही विकायचाच असतो.

तर ठेव मोडू नका. चार लाख साठ हजारांतले चार लाख गेले तर मुलीच्या पहिल्या वर्षाची फी आणि होस्टेल कुठून भरणार? मुलीचं कॉलेज ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होईल, प्लांटचं बांधकाम तोवर पायापर्यंतसुद्धा आलेलं नसेल. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला पंधरा टक्क्यांच्या जवळपास व्याज, तेही चुकता न होता. तसं कुणी लिहून देत असेल तर तो शेअर नव्हे, ठेव गोळा करणं झालं. त्याला वेगळे नियम आहेत, आणि कर्नाटकात ठेवीदारांच्या रक्षणासाठी २००४ चा स्वतंत्र कायदा आहे. लिहून देत नसेल तर ते नुसतं बोलणं.

तुमच्यासारखी पत्रं अथणी, रायबाग, हुक्केरीकडूनही येतात, कधी इथेनॉल, कधी गूळ पावडर, कधी सोलर. म्हणून कागदांबद्दल जरा सविस्तर लिहितो. हा प्रकल्प सोसायटी आहे की कंपनी, ते आधी विचारा. सोसायटी असेल तर नोंदणी क्रमांक मागा, सहकार खात्याच्या तालुक्याच्या कचेरीत तो पडताळता येतो. खाजगी कंपनी असेल तर २०१३ चा कंपनी कायदा बराच कडक आहे: वर्षात २०० पेक्षा जास्त लोकांना शेअर देऊ करता येत नाहीत, त्याची जाहिरात करता येत नाही, पैसे रोख घेता येत नाहीत, बँकेतूनच यायला हवेत. पैसे घेतल्यापासून ६० दिवसांत शेअर नावावर करायचे, नाही केले तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. गावच्या देवळात बैठक घेऊन माईकवरून शेअर विकले जात असतील तर हे नियम भावजींनाच माहीत नाहीत, असं समजा. ते लबाड असतील असं मला वाटत नाही. त्यांचे स्वतःचे किती लाख आत आहेत आणि ते कर्ज काढून घातलेत का, हे मात्र विचारा. मला वाटतं ते स्वतःच अडकले आहेत आणि सोबत शोधताहेत. शिवाय जमीन कंपनीच्या नावावर आहे का, पर्यावरणाची मंजुरी आणि प्रदूषण मंडळाची संमती आली का, बँकेचं कर्ज मंजूर आहे का, पाणी कुठून उचलणार? यातलं एकही पत्र नसेल तर बैठकीतला चहा पिऊन घरी या.

कागद कन्नड-इंग्रजीत आहेत म्हणून 'आपल्याला काय कळतंय' असं म्हणू नका. आपल्या भागात कागद कुठल्या भाषेत असावा हा माझ्या जन्माआधीपासूनचा वाद आहे, तो इथं उघडत नाही. पण तुमची लेक बारा वर्षं याच राज्यात शिकली, तिला कन्नड वाचता येतं. तिच्या पैशाचा कागद तिलाच वाचू दे. मोठ्यानं, घरात, नवऱ्यासमोर. अडलेला शब्द वहीत लिहू दे, आणि निपाणीच्या कोर्टात कुणीही वकील शंभर-दोनशे रुपयांत त्याचा अर्थ सांगेल. सही करण्याआधी नक्कल मागा. 'नक्कल नंतर देतो' असं उत्तर आलं तर विषय संपला.

आता शेत. इथं भावजींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. २४ टनाचा खोडवा आणखी एक वर्ष ठेवण्यात अर्थ नाही, तो मोडाच. पुढे काय, यासाठी तुमचेच आकडे घेऊ. नवी लागण ३८ टन आली आणि ३३०० मिळाले तर एकरी सव्वा लाख, पण त्याला बारा-चौदा महिने, बेणं, खत आणि तोडणीवेळी टोळीला खुशाली (वरचे पैसे). मका ओलिताखाली एकरी २८ क्विंटल आला असं धरू. हमीभावानं ६७ हजार, १८०० नं ५० हजार. तो चार महिन्यांत निघतो आणि मागं हरभरा किंवा गहू घेता येतो. म्हणजे वर्षाच्या हिशेबात दोन्ही फार लांब नाहीत. फरक पाण्यात आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल करायला शेतापासून धरून २८६० लिटर पाणी लागतं असा नीती आयोगाच्या अहवालातला अंदाज आहे. कित्येक उन्हाळ्यांत कृष्णेला पाणी सोडा म्हणून बेंगळुरू मुंबईकडे विनवण्या करतं. वेदगंगेचं पाणी एप्रिल-मेमध्ये कुठवर उतरतं ते तुमच्या मोटारीलाच विचारा.

दोन्ही एकर एकाच पिकाला देऊ नका असं मी सुचवीन. एका एकरात यंदा मका घाला. प्लांटसाठी म्हणून नका घालू. तुमच्याकडे तीन जनावरं आहेत, हे माझं कारण. कणसं काढल्यावर ताटांची वैरण होते, थोडं हिरवंच कापून मुरघास (हवाबंद करून आंबवलेला चारा) केला तर उन्हाळ्यात पेंडीचा खर्च वाचतो. निपाणी-कोल्हापूर पट्ट्यात कोंबडीखाद्यवाले मका घेतात, बाजार समिती आहे, सांगली लांब नाही. मक्याला चार गिऱ्हाइकं आहेत, त्यातला एक इथेनॉलवाला. त्यानं चांगला भाव दिला तर त्यालाही घाला, त्यासाठी शेअर लागत नाही. मका वाळवून, ओलावा १४ टक्क्यांच्या आत आणून विका, भाव पडतो तो बहुतेक ओल्या मालाचा. लष्करी अळीसाठी पहिल्या महिन्यात पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांत, बघत राहा. बियाणं घेताना कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात चौकशी करून घ्या, नुसतं दुकानदाराच्या बोलण्यावर नको.

दुसऱ्या एकरात वर्षभर कडधान्य किंवा सोयाबीन घेऊन जमिनीला श्वास घेऊ द्या, मग वाटलं तर ऊस लावा. सभासद म्हणून कारखान्याला ऊस घालायची अट असेल तर ती आधी तपासा, नाहीतर सवलतीची साखर आणि मतदान दोन्ही जायचं. (सवलतीच्या साखरेवर माणसं किती चिवट असतात ते मी पतसंस्थेत बघितलंय. चार लाखांचं कर्ज थकवतील पण साखरेची पाळी चुकवणार नाहीत.) ऊस राहिलाच तर एक गोष्ट करा. कारखाना रस किंवा बी-हेवी मळी (जिच्यात अजून बरीच साखर उरलेली असते) इथेनॉलकडे वळवतो तेव्हा साखर कमी निघते, उतारा कमी दिसतो. वळवलेली साखर हिशेबात परत धरून उतारा काढायचा असतो. तुमच्या बिलावर कुठला उतारा धरला, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. एकटीनं विचारू नका, पाच-सहा जण मिळून विचारा.

राहिले भावजी. 'घर फुटेल' असं लिहिलंय तुम्ही. ताई, एखादी वहिनी नाही म्हणाली म्हणून फुटेल असं घर असेल, तर चार लाख बुडाल्यावर ते किती टिकेल याचाही विचार करा. बुडालेल्या पैशाचं नाव जेवताना कुणी काढत नाही, पण जेवणं वेगळी होतात. मी अशी तीन-चार घरं जवळून बघितली आहेत. तुमचे मालक गप्प बसले आहेत ते एका अर्थी बरंच, पण नकार मात्र त्यांच्या भावाला त्यांनीच सांगायला हवा. तुम्ही सांगितलात तर उद्या दोघं भाऊ एक होतील आणि वाईट तुम्ही व्हाल. त्यांना इतकंच सांगू द्या: 'पैसे पोरीच्या शिक्षणाला बांधलेले आहेत, मोडता येत नाहीत. मका मात्र एक एकर घालतोय. तुझा प्लांट चालू झाला आणि भाव बरा असला तर पहिली गाडी तुझ्याकडे.' यात खोटं काही नाही आणि भावजींना चार माणसांत सांगायला काहीतरी मिळतं. फारच आग्रह झाला तर दुधाच्या चालू पैशातून, परत आले नाहीत तरी तुम्ही कधी तोंड उघडणार नाही इतकीच रक्कम, आणि तीही बँकेतून, पावती घेऊन. किती ते तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर ती शून्यही असू शकते.

आता स्कूटर. मेकॅनिक पूर्ण चुकीचा नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागं ताकद पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशानं कमी. वीस टक्के मिसळलं की हिशेबानं सहा-सात टक्के फरक पडू शकतो, आणि आधीच्या दहा टक्केवाल्या पेट्रोलशी तुलना केली तर त्याच्या निम्मा. म्हणजे तुमचे सात किलोमीटर गेले त्यातले फार तर तीन इथेनॉलनं नेले. बाकीचे चार एअर फिल्टर, टायरची हवा, कार्बोरेटर किंवा क्लचमध्ये शोधा. २०२३ च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांतले रबर-प्लास्टिकचे भाग वीस टक्क्यांच्या इंधनाला चालतील असे असतात, तुमची त्याआधीची आहे. तेव्हा पेट्रोलची नळी आणि टाकीचं वायसर एकदा बघायला सांगा, ताठ झालं असेल तर बदला, फार खर्च नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात स्कूटर रिकाम्या टाकीनं आठवडा-आठवडा उभी ठेवू नका.

मायलेज कमी तर पेट्रोल स्वस्त का नाही, हा तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय. कारण इथेनॉलच महाग पडतं. २०२५ च्या जुलैअखेर तेल कंपन्यांना ते वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी ७१ रुपये ३२ पैशांना पडत होतं, करांआधीच्या पेट्रोलपेक्षा जास्त. देशाचं परकीय चलन वाचतं, ते खरं आहे. तुमच्या टाकीत मात्र ती बचत उतरत नाही. स्कूटरमध्ये तीन किलोमीटर घालवणारं तेच इथेनॉल शेअरमध्ये चांगलं कसं, याचं उत्तर त्यामुळे असं: दोन्हीकडे त्याचा दर तुम्ही ठरवत नाही. फक्त स्कूटरमध्ये नुकसान तीन किलोमीटरचं आहे.

पुढच्या वेळी टाकी गच्च भरा, आकडा लिहा, परत गच्च भरेपर्यंत किती किलोमीटर झाले ते मोजा. असं तीनदा करा आणि मला कळवा. मेकॅनिकच्या अंदाजापेक्षा तुमच्या वहीवर माझा जास्त भरवसा आहे.